एडना, इथे आपली बोली कुणी बोलत नाही

२१ जुलै

एडना,

हे पत्र आधी तुझ्या नवऱ्याच्या, लीवायच्या हातात पडेल. तो ते फाडणार नाही, लपवणारही नाही. तुला देईल आणि तू उघडतेस का ते बघत दारात उभा राहील. तेवढ्यापुरती तुझी अडचण होणार, त्याला माझा इलाज नाही.

मी पुन्हा गाव बदललं. एका वर्षासाठीच. मानसशास्त्राची पदवी हातात पडायच्या आधी वर्षभर उमेदवारी करावी लागते, बाबांनी तरुणपणी सुतारकामाची केली तशी. माझी उमेदवारी लहान मुलांच्या हॉस्पिटलात आहे. कुणी कुठे जायचं ते आपल्या हातात नसतं. कुठल्या तरी यंत्रात नावांच्या जोड्या लागतात, एका सकाळी निरोप येतो आणि सामान बांधायचं.

काम काय, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. ज्या मुलांना औषधाची गोळी गिळता येत नाही त्यांना गिळायला शिकवते. आधी केकवर भुरभुरतात तो साखरेचा एक कण, मग त्याहून मोठा, मग वाटाण्याएवढा. सुईला घाबरणाऱ्या मुलाबरोबर बसते. पोटात दुखतं म्हणून शाळेत न जाणाऱ्या मुलीला रोज थोडं थोडं शाळेकडे नेते. तू हसशील. म्हणशील, एवढ्यासाठी तू घर सोडलंस, हे तर आपली आई रोज स्वयंपाक करता करता करायची.

माझ्यावर देखरेख करणाऱ्या बाईंचं नाव डॉ. प्रुइट. साठीच्या आहेत, आवाज खरखरीत. त्या आरशामागे बसतात. मला फक्त आरसा दिसतो, त्यांना मी दिसते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली तू?" मी म्हटलं, "इथलीच. राज्याच्या पूर्वेकडची." पुढे काही बोलले नाही. मी मोटारी न चालवणाऱ्या आमिश पंथातल्या घरातली हे कळलं की माणसं वेगळ्या नजरेनं बघतात, घोडागाडीबद्दल विचारतात, आणि मग माझ्या कामाबद्दल कुणीच काही विचारत नाही.

माझं बरं चाललं आहे.

सलोमा


१५ सप्टेंबर

एडना,

आपल्या लोकांचं साप्ताहिक इथल्या वाचनालयात येतं. आपल्या वस्तीच्या बातम्यांत वाचलं की तुमच्या बीन्स भरपूर आल्या आणि बाबांनी पडवीचं छप्पर बदललं. तुझ्या लेनाला डांग्या खोकला झाला होता म्हणे. आता बरी असावी. तिला मी पाहिलेलं नाही. कशी दिसते, तुझ्यासारखी की लीवायसारखी?

इथे रविवार लांबत जातो. सकाळी मी भांडी घासते आणि घासताना आपल्या जर्मन बोलीत मोठ्यानं बोलते. ही वाटी, हा चमचा, हे पाणी गार झालं. जीभ गंजू नये म्हणून. मागच्या आठवड्यात पावाच्या कणकेला आपण काय म्हणतो ते आठवेना. दिवसभर आठवत राहिले. संध्याकाळी जिना चढताना आठवलं, तर तिथेच पायरीवर बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "किल्ली हरवली का?" मी हो म्हटलं.

पत्र इंग्रजीतच लिहावं लागतं, कारण आपली बोली आपण कधी लिहीत नाही. त्यामुळे तुझ्याशी बोलताना मी कुणीतरी परकीच वाटत असेन.

सलोमा


१९ ऑक्टोबर

एडना,

भाजलेल्या मुलांच्या विभागात एक मुलगी आली आहे. सहा वर्षांची. फॅनी. आपल्यातली.

आपली वस्ती नाही, दक्षिणेकडची. मी दारातूनच ओळखलं. बाप खाटेशेजारी बसला होता, टोपी गुडघ्यावर, पाठ ताठ. नाव मोझेस. बायको बाळंतीण, म्हणून घरी. सफरचंदं आटवायचा दिवस होता. कढत गर मुलीच्या दोन्ही पायांवर सांडला. तू जाणतेस तो किती चिकट असतो. पुसला तरी निघत नाही, भाजतच राहतो.

रोज सकाळी तिला धुवायच्या खोलीत नेतात. जुनी मलमपट्टी सोडवायची, जखमा पाण्याखाली धुवायच्या, नवी बांधायची. औषध देतात, तरी दुखतं. ती पोर किंचाळते. परिचारिका गोड बोलतात, गाणी म्हणतात, फुगे उडवतात. ते सगळं इंग्रजीत. तिला त्यातला एक शब्द कळत नाही, एडना. ती अजून शाळेत गेलेली नाही. आपल्या पोरांना शाळेआधी इंग्रजी कुठे येतं? पण इथे कुणाच्या ते ध्यानातच आलेलं नाही. बाप इंग्रजी बोलतो, म्हणून मुलीलाही येत असणार असं धरून चाललेत. 'मुलगी प्रतिसाद देत नाही' असं म्हणतात.

डॉ. प्रुइटनी ती माझ्याकडे दिली. मी आज त्या खोलीत उभी होते. ती काय ओरडत होती ते मला कळत होतं. "परत नाही करणार. मी परत नाही करणार." हेच, पुन्हा पुन्हा. तिला वाटतंय ही शिक्षा चालली आहे.

आणि मी गप्प उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर बापानं वर बघितलं असतं आणि विचारलं असतं, तू कुणाची. पुढचं सगळं मला पाठ आहे. मला ते पुन्हा नको होतं.

उद्या सकाळी पुन्हा आहे.

सलोमा


२१ ऑक्टोबर

एडना,

बोलले.

काल त्यांनी पट्टी सोडवायला घेतली, तशी मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "फॅनी, कुणी तुला मारत नाहीये. पाय मळलेत, धुतायत. मी सांगते कधी दुखेल, कधी नाही."

ती ओरडायची थांबली. दुखत होतं, पण थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, खिडकीत अचानक गाय दिसावी तशी. मग म्हणाली, "तुझी टोपी कुठंय?"

बाप उठून उभा राहिला. तो आपल्या बोलीत म्हणाला, "तू कुणाची?"

मी बाबांचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. त्यानं माझ्या उघड्या केसांकडे बघितलं.

"बाप्तिस्मा झाला होता?"

"हो."

"मग सोडून गेलीस."

"हो."

त्यानं खुर्ची उचलून भिंतीशी नेली. दुपारी मी त्याला कॉफी द्यायला गेले. त्यानं हात मांडीवरून हलवला नाही. रागानं नाही, एडना. थोडा ओशाळला होता. मी पेला खिडकीत ठेवला आणि बाहेर आले. काचेतून बघितलं तर तो उठून तो पेला घेत होता.

डॉ. प्रुइटनी मला खोलीत बोलावलं. "आरशामागे मी होते. काल ती गप्प झाली आणि आज बापानं मला सांगितलं की दुसरं कुणी असेल तर बरं. मला काहीच कळलेलं नाही. बोल."

मी सांगितलं. मोठं झाल्यावर बाप्तिस्मा घेऊन मग सोडून गेलेल्याला आपल्यात वाळीत टाकतात म्हणजे काय ते सांगितलं. बाप्तिस्मा झालेल्यांनी त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं होतं. कुठली तू म्हणून. पूर्वेकडची म्हणालीस."

"पूर्वेकडचीच आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या इमारतीत त्या मुलीची भाषा येणारी तू एकटी आहेस. बाप तुला ठेवायचं नाही म्हणाला तर मी जबरदस्ती करू शकत नाही. त्याच्याशी तूच बोल."

मी गेले. दारातूनच म्हटलं, "मी तुम्हाला काही देणार नाही, तुमच्याजवळ बसणारही नाही. पण तिच्याशी मला बोलू द्या."

तो टोपीची कड फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरीचा बाप्तिस्मा झालेला नाही." मला कळेना त्याला काय म्हणायचंय. मग म्हणाला, "ती तुझ्या हातून घेऊ शकते."

सलोमा


३० ऑक्टोबर

एडना,

फॅनी दिवसभर बोलते. कोंबड्यांची नावं, भावानं झाडावरून टाकलेले बूट, आजोबांचे खोटे दात. मी कामं संपवून तिच्याकडे जाते आणि फक्त ऐकते. इतक्या वर्षांत माझ्याशी आपल्या बोलीत इतकं कुणी बोललं नव्हतं. मला कणकेचा शब्द आठवला नव्हता म्हणून तिला सांगितलं, तर म्हणाली, "तू वेडी आहेस का?"

पण धुवायच्या खोलीत अजून तसंच आहे. मी आधी सगळं सांगते, तिलाच पट्टीचं टोक धरून सोडवू देते, तोपर्यंत ठीक असतं. पाणी पडलं की पुन्हा तेच. परत नाही करणार. मी कितीही म्हटलं ही शिक्षा नाही, तरी माझ्या म्हणण्याला काय अर्थ? ती बापाकडे बघून ओरडते.

मोझेसला हे सोसवेना झालंय. काल त्यानं शल्यचिकित्सकांना सांगितलं की मुलीला घरी नेतो. त्यांच्या वस्तीत एक म्हातारा आहे, मलम लावून वर पानं बांधतो. दुखत नाही म्हणतात. शल्यचिकित्सक म्हणाले, डाव्या पायाला दुसरीकडची कातडी लावायची आहे, ह्या आठवड्यात नेलं तर जंतू भरतील, पाय जाईल, कदाचित मुलगीही. आणि नेलंच तर आम्हाला सरकारी माणसांना कळवावं लागेल. मोझेस फक्त म्हणाला, "कळवा."

दोघेही खोटं बोलत नव्हते. आपल्याकडेही त्या मलमानं पोरं बरी झालेली मी लहानपणी बघितलीत. आणि तो डावा पाय मी रोज बघते.

मी संध्याकाळी त्याला व्हरांड्यात गाठलं. मध्ये दोन खुर्च्या सोडून बसले.

मी म्हटलं, "ती काय ओरडते ते इथे तुम्हाला आणि मलाच कळतं."

"मला माहीत आहे ती काय ओरडते."

"तिला वाटतं तिनं ऐकलं नाही म्हणून हे चाललंय. आणि तुम्ही तिथे बसून चालू देताय. तुम्ही एकदा तिला सांगा."

"काय सांगू? मी म्हटलं होतं, कढईजवळ जाऊ नकोस. मुलांनी ऐकावं हे मी तिला शिकवायचं, आणि आता म्हणू, ऐकलं नाहीस तरी चालतं?"

"तसं नाही म्हणत मी."

"तू ऐकलं होतंस?" तो म्हणाला. "तुझ्या बापाचं?"

मी उठून आले. ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्याला द्यायचं नव्हतं. माझ्यामागे तो तिथेच बसून होता.

घरी आले तेव्हा दिवा लावायचंही सुचलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सलोमा, तुला नेहमी शेवटचा शब्द हवा असतो, आता नाही मिळाला तर रुसलीस. रुसले नाही. फक्त कुणीतरी एवढं म्हणायला हवं होतं.

सलोमा


२ नोव्हेंबर

एडना,

आज सकाळी मोझेस धुवायच्या खोलीत भिंतीशी बसला नाही. त्यानं कोट काढला, बाह्या वर केल्या, परिचारिकेनं दिलेला कागदी झगा घातला. तो त्याला आखूड झाला. मग फॅनीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. मी पायाशी होते. परिचारिका थांबल्या.

तो म्हणाला, "फॅनी, मी काय सांगितलं होतं?"

तिचा चेहरा पडला. "कढईजवळ जायचं नाही."

"गेलीस?"

तिनं पट्टीचं टोक मुठीत धरलं.

"नाही गेलीस," तो म्हणाला. "कढई आगीवर होती. तू तिकडे गेली नाहीस. मी गर काढून बादलीत ओतला आणि बादली पायरीवर ठेवली. बादलीबद्दल तुला कुणी काही सांगितलं नव्हतं."

"मी पाव बुडवला," ती म्हणाली.

"पायरीवर ठेवलं तर पोर पाव बुडवणारच. बादली मी ठेवली, फॅनी. तू नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं. लहान मूल जसं मोठ्या माणसाला पहिल्यांदाच नीट बघतं तसं. मग विचारलं, "मग तुझे पाय का धुवत नाहीत?"

त्याची दाढी हलत होती. मी परिचारिकेला मान हलवून खूण केली आणि पाणी सुरू झालं. ती रडली, एडना. मोठ्यानं रडली. पण "दुखतंय, दुखतंय" म्हणून रडली. ते 'परत नाही करणार' म्हणाली नाही. बापाच्या दाढीत बोटं अडकवून ती फक्त दुखत होतं म्हणून रडली.

डॉ. प्रुइट नंतर मला म्हणाल्या, "तो काय बोलला ते मला शब्दाशब्दानं सांग." मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "आज तुझ्या कामावर मला काही शेरा मारायचा नाही. जा, कॉफी घे."

मोझेस शस्त्रक्रियेला हो म्हणाला. मी शल्यचिकित्सकांकडे गेले, म्हटलं उजवा पाय बराच भरलाय, त्याला त्यांचं मलम लावून बघता येईल का. ते म्हणाले, आधी तपासू, मग बघू. तपासलं, आणि बघायला तयार झाले. पानांना नाही म्हणाले. मोझेसनं तेवढ्यावर मान डोलावली.

घरी येऊन हे कुणाला सांगू हे सुचेना. म्हणून लगेच लिहायला बसले.

सलोमा


१२ डिसेंबर

एडना,

फॅनी आज घरी गेली. आई न्यायला आली होती, अमांडा, तान्ह्या बाळाला घेऊन. तिला नवऱ्यानं सगळं सांगितलेलं असावं. मी पट्ट्यांचं सामान टेबलावर ठेवायचे, ती टेबलावरून उचलायची. मी पाय कसा ताणायचा ते फॅनीला शिकवलं आणि फॅनीनं आईला शिकवलं. असं तिघींनी मिळून काम केलं. आपल्याला अशी वळणं घ्यायची सवय असतेच.

निघताना अमांडानं विचारलं, "एडना तुझी बहीण ना? लीवायची?"

मी हो म्हटलं.

"तो माझा मावसभाऊ लागतो," ती म्हणाली आणि भाड्याच्या गाडीत बसली.

त्या खाटेवर संध्याकाळी एक मुलगा आला. बोलका आहे, इंग्रजी बोलतो, त्याला माझी फारशी गरज नाही. मी तरी थोडा वेळ थांबले. खोलीत सगळं नेहमीसारखं होतं आणि मला तिथे ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. नाताळात बाकीचे उमेदवार आपापल्या गावी जातील. मी सुट्टीतलं काम मागून घेतलंय. डॉ. प्रुइट म्हणाल्या, "तुला कुठे जायचं नाही?" मी म्हटलं, "नाही." ह्या वेळी त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

सलोमा


१४ मे

एडना,

काल तू आलीस आणि गेलीस. जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. तरी लिहिते, कारण मला ते कुणाला तरी सांगायचंय आणि दुसरं कुणी नाही.

फॅनी तपासणीला येणार म्हणून मी खाली दारात गेले होते. गाडीतून अमांडा उतरली, फॅनी उतरली, आणि मागून एक बाई उतरली. आधी पाय खाली टाकून जमीन चाचपायची तिची पद्धत बघितली आणि माझ्या हातातले कागद वाकडे झाले.

तू म्हणालीस, "गाडीत जागा होती."

मी म्हणाले, "बरं केलंस."

"मला कापडही बघायचं होतं शहरात."

"इथे जवळच दुकान आहे."

इतक्या वर्षांनी दोन बहिणी दारात उभ्या राहून कापडाबद्दल बोलल्या. लेना तुझ्या झग्यामागून बघत होती. ती लीवायसारखी दिसते, पण भुवया आईच्या आहेत. हे तू मला कळवायला हवं होतंस.

फॅनी वर तपासणीला गेली. ती धावते आता. डावा पाय किंचित आत वळतो. तिनं मला इंग्रजीत पाढा म्हणून दाखवला आणि मग आपल्या बोलीत म्हणाली, "तू बारीक झालीस."

मी तुला सांगितलं की जूनमध्ये हे संपेल, पुढे पश्चिमेकडे एका हॉस्पिटलात जागा मिळाली आहे. तू विचारलंस, "तिकडे आपली माणसं आहेत?" मी म्हटलं, "नाहीत." तू मान हलवलीस आणि लेनाची रिबीन बांधत राहिलीस, ती सुटलेली नसतानाही.

मग जेवायची वेळ झाली, आपण हॉस्पिटलच्या उपाहारगृहात गेलो. मी सूप आणि पाव आणले आणि टेबलावर ठेवले. तू बसली नाहीस. मला वाटलं आता तू म्हणशील, भूक नाही. मी माझा वाडगा उचलून कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघालेच होते. तेवढ्यात तू शेजारचं टेबल धरून ओढलंस. लोक बघत होते. तू ते माझ्या टेबलापर्यंत आणलंस आणि मध्ये बोटभर जागा ठेवलीस. मग खांद्यावरची शाल काढून दोन्हींवर पसरलीस. वरून बघणाऱ्याला एकच टेबल. ती फट होती, पण शालीखाली.

तू तिकडे बसलीस, मी इकडे. आपण दोघींनी मान खाली घालून प्रार्थना केली. माझी लवकर संपली, म्हणून मी तुझ्या हातांकडे बघत होते. बोटांची पेरं आईसारखी झालीत.

लेनानं विचारलं, "ही कोण?"

तू म्हणालीस, "सलोमा." थोडं थांबलीस. "तुझी मावशी."

"मग ती तिकडे का बसलीय?"

मुलांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं हे मी वर्षभर शिकतेय. आजारपणाबद्दल, मरणाबद्दल, आईबाप वेगळे होण्याबद्दल. हा प्रश्न त्यात नव्हता. तू पाव मोडलास.

लेना खुर्चीवरून उतरली. आपला पावाचा तुकडा घेऊन टेबलाला वळसा घातला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर गुडघ्यांनी चढली आणि तो माझ्या सुपात बुडवायला निघाली. मी हलले नाही. तुझ्याकडे बघितलं. तू आता तिला बोलावशील म्हणून मी थांबून होते.

तू तिच्या हाताकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आणि म्हणालीस, "तिला इतकं गरम चालत नाही. फुंकर घालून दे."

सलोमा